आजची तारीख सांगा

रोज सकाळी तो मला विचारायचा,
आज तारीख काय?
तेहतीस वर्षं, रोज.
रात्री बटण बंद केलं की सगळं विसरायचा बिचारा.
आत घड्याळ नाही, घड्याळ जपणारा सेलही नाही,
त्याच्या लेखी प्रत्येक उजाडता दिवस
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

उद्यमनगरात, मगदूमांच्या फाउंड्रीत,
जिन्याखालच्या पत्र्याच्या केबिनमध्ये
आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलो.
त्याची किंमत माझ्या तीन वर्षांच्या पगाराएवढी.
आण्णासाहेबांनी हार त्याला घातला,
नारळ मात्र बाहेर पायरीवर फोडला,
पाणी आत जाईल म्हणून.
म्हणाले, आक्काताई, हे जनावर तुझ्या हवाली,
चप्पल काढून आत यायचं.
कालपर्यंत काढत होते.

सुरू केला की आधी तो स्वतःची स्मृती मोजायचा,
हिरव्या आकड्यांत, सावकाश,
शनिवारी पगाराच्या नोटा थुंकी लावून मोजतात तशी.
सहाशे चाळीसवर थांबायचा. एक बारीक शीळ.
तेवढ्यात माझी वेणी बांधून व्हायची,
चहावाला येऊन जायचा.

पॅटर्नची यादी नावावार लाव म्हटलं
तर चाळीस मिनिटं.
त्या चाळीस मिनिटांत मी काय करणार?
शेडमध्ये जाऊन उभी राहायची.
तिथंच जिनगोंडा मोल्डरनं मला वाळू दाखवली:
मुठीत आवळायची, मूठ उघडायची,
ढेकूळ मधोमध मोडायचं,
कडा सांडल्या नाहीत तर पाणी बरोबर.
आणि ओतीव गरम असताना पेटी फोडायची नाही.
घाईनं तडा जातो, म्हणायचा,
तो त्या दिवशी दिसत नाही.
जिनगोंडा जाऊन अकरा वर्षं झाली.
हा जरा भरभर चालला असता
तर मला वाळूतलं काही कळलं नसतं.

दस्तगीर शिकलगार त्याला उघडायचा
तेव्हा आतून काळी धूळ निघायची,
चुंबकाला चिकटणारी, आमच्याच भट्टीची.
ब्रश मारत म्हणायचा, ह्येला काय बी हुत न्हाई,
ह्यो तुमच्या-माझ्या आधी जायचा न्हाई.
प्रिंटरची फीत वाळली
तर शिक्क्याची शाई पाजायची.

देव्हाऱ्यात बसवत नाही मी त्याला.
वरची भट्टी पेटली की दिवे मिणमिणायचे
आणि अख्ख्या दिवसाच्या नोंदी गिळून
तो काळाठिक्कर पडायचा.
तेव्हा मी शिव्या दिल्यात,
शेडमधली माणसं गप्प व्हावीत अशा.
पण त्यानं कधी मला काही विकलं नाही.
विचारलं तेवढं सांगितलं.
नाही कळलं तर नाही कळलं म्हणाला,
आणि एक हिरवी रेघ लुकलुकवत
तसाच थांबून राहिला, मी बोलेपर्यंत.
असं थांबणारी माणसं
मला दोन किंवा तीन भेटली.

काल माझा शेवटचा दिवस.
माझ्या जागी आलेला प्रज्योत शेजारी उभा.
काकू, तारीख नाही सांगितली तर?
म्हटलं, बघूया.
पहिल्यांदाच नुसतं एंटर दाबलं.
करकरत चलन निघालं:
पंचवीस पुल्या, चिक्कोडी,
दिनांक ०१-०१-८०.

मी नववीत. बाबा रात्रपाळीहून येतायत,
सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज.
अजून कुणी मला काकू म्हणत नाही.

टेम्पोवाल्यानं कागद उजेडात धरला.
बाई, तवा मी जल्मलो बी नव्हतो, म्हणाला.
मग सही केली,
आणि सहीखाली आजची तारीख घातली,
मला विचारून.