उथळ डबक्यातली फांदी

मोतुरिकीच्या ओहोटीत गुडघाभर उभी राहून
सेरेइमा बोट दाखवते:
हे पोवळं मागच्या फेब्रुवारीत गेलं.
ते त्याच्या आधी.
जाऊबाईंची बाळंतपणं सांगावीत तसं.

मरायच्या आधी, म्हणते,
भलतंच देखणं झालं होतं,
जांभळं, जत्रेतल्या दिव्यासारखं.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मीसुद्धा.

मग पांढरं. मग शेवाळ.
ऑक्टोपसच्या बिळात काठी घातली
तर नुसती रेती.

फक्त त्या डबक्यात,
जिथे दुपारी पाणी चटका देतं,
एक फांदी तपकिरी राहिली,
हट्टी.
तिचेच तुकडे ती आता दोरीला बांधते,
गाठ दातांनी आवळते.

जगतील?

तोंडात दोरी आहे.
बादलीत अजून सात तुकडे,
आणि पाणी कमरेला लागलंय.