कारणाचा रकाना

टेमा बंदराच्या मागे आमचं यार्ड.
एकशे अकरा ट्रक, एक वजनकाटा,
एक कडुनिंब, त्याखाली मी
आणि माझ्या मांडीवर गेटची वही.

रकाने पाच :
गाडी, चालक, कुठे, कारण, परत कधी.
सोळा वर्षं भरतोय.
वागाडुगू, सिमेंट.
तमाले, खत.
कारणावाचून या गेटमधून काही बाहेर गेलेलं नाही.
मेलेलं कुत्रंसुद्धा मी लिहून बाहेर काढलंय.

मॅडमची गाडी मात्र कधी लिहिली नाही.
कोरकोई नॉर्टेंना कोण विचारणार,
कुठे आणि का?

आठ तासांवर चालवायचं नाही, हा नियम त्यांचाच.
इस्साकाचा बोल्गाच्या रस्त्यावर डोळा लागला
आणि गाडी पुलाला घासली, तेव्हापासून.
चावी खिळ्याला टांगायची, सही करायची, झोपायचं.
टांगली की नाही, त्या स्वतः येऊन बघायच्या.
मग वर जायच्या.
पहाटे तीनच्या फेरीला मी मान वर करायचो,
खिडकीत दिवा.

मार्चमध्ये त्या गाडी उभी करून
आतच बसून राहू लागल्या, इंजिन चालू.
रात्री खाली येऊन विचारायच्या,
"अयाम्बा, बाहेर किती?"
"चौतीस, मॅडम."
दहा मिनिटांनी पुन्हा, "बाहेर किती?"
मला वाटलं, सेडी घसरलाय, बँकेची माणसं येतायत,
आकड्यांचा घोर असेल.
चौतीसच सांगत राहिलो.

एका रात्री त्या वजनकाट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.
चाळीस टनांचा काटा तो, माणसाला जुमानत नाही.
पडद्यावर शून्य.
"बघ," म्हणाल्या, "आणि मला वाटतं
मी उचलली जात नाही."
मी हसलो. ते हसणं
मला अजून परत घेता आलेलं नाही.

मग एका बुधवारी, अजून अंधार असताना,
गेटपाशी गाडी थांबली. काच खाली.
"लिही."
"कुठे, मॅडम?"
"आडा. बहिणीकडे. नदी संपते तिथे."
पुढच्या रकान्यावर माझा हात अडला.
"भावानं सगळ्यांना लंडन सांगितलंय," त्या म्हणाल्या,
"मोठा करार आहे म्हणून."
बराच वेळ नुसता इंजिनाचा आवाज.
मग माझ्या हातातलं पेन घेतलं
आणि स्वतः लिहिलं, *डोकं दुखतं.*
ते खोडलं.
*मन बरं नाही. डॉक्टरांनी थांब म्हटलंय.*
परत कधी : *सहा आठवडे.*
ऑफिसची चावी माझ्या हातावर ठेवली.
मी ती शेवटच्या खिळ्याला टांगली.
तिथून त्यांना दिसेल अशी.

दुसऱ्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकं गेली.
खोटं कशाला बोलू, गेली.
भाऊ धावत आला, म्हणाला ते पान फाड.
मी म्हटलं, साहेब, पानांना नंबर आहेत.
पाद्रीबाबा म्हणाले, उपास करायला हवा होता.
चालक सही करायला वाकायचे,
वाकलेले जरा जास्तच वेळ राहायचे,
आणि काही न बोलता आपापल्या गाडीकडे.

इस्साकाची आई या वहीत तीनदा मेली आहे.
दर वेळी चार दिवस रजा, दर वेळी मी मान हलवली.
परवा तो आला, पेन हातात,
घाना आणि बुर्किनामधलं सगळं अंतर
त्याच्या त्या एका रकान्यात.
शेवटी लिहिलं,
*पुलापासून झोप येत नाही.*
पूल सात वर्षांपूर्वीचा.
त्याची आई बोल्गाला धडधाकट आहे,
बाजरी विकते.

गुरुवारी सहावा आठवडा संपला.
फोन आला. मागे वारा, कोंबडी,
कुणीतरी हाका मारतंय जेवायला.
"अयाम्बा, अजून दोन लिही."
बाहेर किती, ते त्यांनी विचारलं नाही.
मी सहाचे आठ केले,
गिरवून, ठळक.
कारण मी विचारलं नाही.
ते वर लिहिलेलं होतंच.