पसाभर कोंडा

बेचाळीस दिवसांची मुदत. एकेचाळिसाव्या दिवशी
आम्ही कार्मार्थनच्या नोंदणी कचेरीत.
बाळ झोपलेलं, सुजित पार्किंगची चिठ्ठी शोधतोय,
आणि निबंधक मेरेरिड प्रोथरो, चष्मा कपाळावर,
विचारते, स्पेलिंग?

मी घरून ठरवून आले होते : के, ई, आर, आय.
ती थांबते. आमच्याकडे सी लिहितात, म्हणते.
सी लिहायचं, क म्हणायचं.
माझी मावशी केरी. शाळेत माझ्या वर्गात दोन केरी,
एक मुलगी, एक मुलगा.
आता कोणी ठेवत नाही. तुम्हाला कुठून मिळालं?

कुठून मिळालं.
म्हसवडच्या बाहेर, उकिरड्यावर मिळालं, बाई.
तोंडाने म्हणाले, आत्याचं नाव.

आत्तीच्या आधी चार गेले.
कुणी पाचवीलाच, कुणी दात येता येता.
ही झाली तशी सुईणीनं सुपात घातली,
राख, शेण, जोंधळ्याची फोलं, त्यावर नेऊन ठेवली
आणि मागं न बघता घरी आली.
शेजारीण ओरडली, अगं बया, कुणी टाकली ही?
आणि पसाभर कोंडा देऊन
आईनं आपलीच लेक विकत घेतली.
टाकाऊ म्हटलं की मरण हात लावत नाही म्हणे,
त्यालाही चांगलंचुंगलं लागतं.
केरातली म्हणून केराबाई.
लाडानं केरी, रागानं केरे.

चालतं नाव होतं तेव्हा.
आडावर हाक दिली की तीन घागरी थांबायच्या.
मग लशी आल्या, पोरं जगायला लागली,
आणि नाव मेलं.
आत्तीचं त्याआधीच पुसलं होतं :
ताटातल्या तांदळात अंगठीनं 'सुलोचना',
रेशनकार्डावर सुलोचना, मतदार यादीत सुलोचना.
केरे म्हणणारे शेवटचे माझे वडील.

मेरेरिडला घाई नाही. पाऊस लागलाय बाहेर,
आमच्यामागे कोणी नाही.
कोणी म्हणतं, ते एका नदीचं नाव,
न्यूकॅसल एम्लिनकडे वाहते, लहानशीच.
कोणी म्हणतं, कारूवरून आलं.
कारू म्हणजे माया करणं.
खरं काय ते मला विचारू नका, मी नुसती लिहिते.

मग स्क्रीनकडे बघत सांगते,
वर्षाच्या नावांची यादी निघते ना,
तीनपेक्षा कमी मुलींचं नाव तीत छापत नाहीत.
तुमची बहुतेक दिसणार नाही.

न दिसू दे.
चोवीस आठवड्यांच्या आतलंही इथं नोंदत नाहीत.
आमचे दोघे तसे.
स्कॅनच्या कोपऱ्यात माझं नाव, खाली तारीख, बस.
मी त्याच खात्यात काम करते.
रोज टाकते तारखा,
दुसऱ्यांच्या पोटांवर.

नोंद फुकट. दाखल्याच्या प्रतीला साडेबारा पौंड.
सुजितनं कार्ड टेकवलं,
मशीन एकदा चिवचिवलं.
मी मनात कोंडा मोजत होते.

रात्री आत्तीला फोन लावला. तिकडे पहाट.
भडकलीच.
इमानात बसून येवढ्या लांब गेलीस
आन् उकिरडाच उचलून घरात आनलास व्हय गं?
म्हटलं, आत्ती, इथं त्याचा अर्थ माया असा होतो.
ती गप्प.
मागे शेळी ओरडली, कुणीतरी बादली आपटली.
कोन म्हनतं?
सरकारी बाई.
लिवलंय?
लिहिलंय. दोन भाषांत.
सुलोचनाचा अर्थ तिला कधी कुणी सांगितला होता का,
मी विचारलं नाही.
मग ती अगदी फोनजवळ आली,
नुसता एक डोळा आणि कुंकू दिसेलसं.
त्यो सी कसला असतोय? काढून दाव.

बिलाच्या पाठीवर मी मोठा सी काढला,
कॅमेऱ्यापुढे धरला.
तिनं मान तिरपी करून बघितला.

ह्यो तर इळा हाय, म्हणाली.
ऱ्हाऊ दे तिच्या उशाखाली.