उंची: भरतीवर अवलंबून

गुरुवारी रात्री मुहर्रकला
मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही चौघं खेळायला बसतो.
बिजॉय योद्धा आहे, दिवसा हिशेब लिहितो.
रेनाटोचा चोर कुठलंही कुलूप उघडतो,
रेनाटोची स्वतःची किल्ली दर आठवड्याला हरवते.
खेळ चालवते दलाल.
आमच्याकडे या नावाचा अर्थ काय होतो
ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

माझा जादूगार मागच्या खेपेस दरीत पडून मेला.
नवं पात्र हवं.
निसर्गातला एखादा आत्मा कर, ती म्हणाली,
झाडाचा, वाऱ्याचा,
आणि कोरा तक्ता पुढे सरकवला.

झाड लिहिलं. खोडलं.
इथल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी काळी नळी,
सलाइन लावल्यासारखी.
त्यांचा आत्मा असलाच तर पालिकेच्या नोकरीत असणार.
वारा लिहिला, तोही खोडला.
वारा कुणाची वाट बघत नाही,
आणि मला वाट बघणारं कुणीतरी हवं होतं.

मग लिहिलं: झरा.
समुद्राच्या तळाशी, गोड्या पाण्याचा.

दलालचं पेन थांबलं.
तिचे पणजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे.
तहान लागली की खाऱ्या पाण्यात वावभर खाली जाऊन
कातडी पखालीचं तोंड झऱ्यावर धरायचे,
आणि प्यायचं पाणी घेऊन वर.
कौकब म्हणायचे त्याला. म्हणजे तारा.
आणि आता?
तिने चहाचा रिकामा कप
उलटा करून दाखवला.

वय: आठवत नाही.
उंची: भरतीवर अवलंबून.
शस्त्र: नाही.
शक्ती: खाऱ्यात राहून खारं न होणं.
इथे जरा थांबलो.
सतरा वर्षं झाली मला.

मी हिदच्या कारखान्यात पाळीवर असतो.
समुद्र तापवतो, गाळतो, गोडा करून शहराला देतो.
पॅनेलवर हिरवा दिवा लागला
की कुठेतरी कुणीतरी नळ सोडलेला असतो.
मी या झऱ्याचं पात्र घ्यावं
म्हणजे सावत्र आईने
पहिलीच्या तसबिरीवरची धूळ पुसावी.

भीती: हा रकाना सक्तीचा आहे, दलाल म्हणाली.
दुष्काळ लिहिलं. मग पाइप. मग काहीच नाही.
शेवटी लिहिलं,
तहान न लागलेल्या माणसांची.

आता हाक मारायचा विधी.
मंत्र टाक एखादा, बिजॉय म्हणाला.
मंत्र मला येत नाहीत. गाऱ्हाणं येतं,
तेही अर्धंच. काका पुढे उभा राहून घालायचा,
आम्ही पोरं मागून ओरडायचो,
सगळं लक्ष नारळाच्या तुकड्याकडे.

तिघांना सांगितलं, मी थांबलो की म्हणायचं,
व्हय म्हाराजा.
टोपी नव्हती, डोक्यावर रुमाल टाकला.
नारळ नव्हता, खजुराचा डबा पुढे ठेवला.

बा कौकबा,
तुझ्या आंगार आमी भराव घातलो, रस्तो केलो,
तुका इचारूक कोण येवक नाय.
व्हय म्हाराजा.
मी परमुलखातलो, दोन वर्सांच्या परवान्यावरचो,
हय माझा गाऱ्हाणा चलता काय नाय,
माका म्हायत नाय.
व्हय म्हाराजा.
खय आसशीत थय ऱ्हव.
पण ऱ्हव.

तिसऱ्यांदा तिघं जरा उशिरा म्हणाले,
तीन देशांच्या तीन जिभांनी.
रेनाटोचा म्हाराजा फार लांबला,
कुणी हसलं नाही.
खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

झरा ऐकतो की नाही, ते फाशावर.
दलालने वीस बाजूंचा फासा मुठीत हलवला,
फुंकर मारली, टाकला.
खजुराच्या डब्याला आपटून तो थांबला.
सात.

पुरत नाहीत, ती म्हणाली.
तक्त्याची घडी घालून तिने डब्याखाली ठेवली.
पुढच्या गुरुवारी परत हाक मार.