पोच

सोमवार म्हणजे पुस्तकला वलथरे.
अकराच्या आत, बाजार भरायच्या आत,
रबरी चपला दाराशी काढून
ती अर्ज ठेवते माझ्या टेबलावर.
वहीतला रेघांचा कागद, समास सोडलेला.
विषय : ढिवर मोहल्ल्यालगतच्या बोडीत टाकला जाणारा कचरा.

मी नगरपंचायतीचा आवक लिपिक.
तारीख घालायची, शिक्का मारायचा,
दुसऱ्या प्रतीवर सही करून परत द्यायची.
बोडी माझ्या टेबलाच्या हद्दीत येत नाही.
ग्रामपंचायत होती तेव्हा ज्याचा त्याचा उकिरडा होता.
पंचायत नगर झाली आणि ट्रॅक्टर आला,
ट्रॅक्टर आला आणि त्याला रिकामं व्हायला जागा लागली.

तिचे अर्ज मी वाचत नाही असं सांगायचो.
वाचायचो.
पहिल्यात ‘सविनय’ होतं, ‘कृपावंत होऊन’ होतं.
चौथ्यात नुसती नोंद :
शिंगाड्याचा वेल सडला. दाडक दिसत नाही.
तेजरामच्या पायात सुई गेली, दवाखान्याची.
देवधान यंदा कोणी झोडलं नाही.
नवव्यात एकच ओळ,
‘बेशरम तेवढी हिरवी आहे, साहेब.’
त्यावरही मी शिक्का मारला.
शाई नेमकी त्या झाडाच्या नावावर पडली.

शिपाई विचारायचा, बाई, अर्जानं का बोडी साफ होते?
‘नाई होत जी,’ ती म्हणायची,
‘पन मांगून कोनी म्हनू नये,
का आमाले मालूम नोहतं.’

सतराव्या सोमवारी ती कागद न घेता आली.
सोबत सहा बाया, एक हातठेला, चार पोती.
पोत्यांवर कोळशानं लिहिलेलं :
दवाखाना. मंगल कार्यालय. कोंबडी दुकान.
चौथ्यावर : ऑफिस.
‘याची पोच द्या.’

मुख्याधिकारी दौऱ्यावर होते,
सोमवारी ते दौऱ्यावरच असतात.
पोत्याला आवक क्रमांक देता येतो का,
मी नियम शोधू लागलो.
नियम सापडेना. चौथं पोतं मात्र उघडं होतं.
आमच्याच चहाचे कप,
स्टॅम्पपॅडच्या शाईची रिकामी बाटली,
माझ्या मुलीच्या बारशाच्या पेढ्यांची खोकी,
आणि चार घड्यांचा एक ओला कागद.
आवक क्रमांक चारशे बारा.
गोल शिक्का, खाली माझी सही,
वर : सविनय.

तिनं तो वाळवला नव्हता.
आणला होता बोडीच्या वासासकट.
बोलली काहीच नाही.

आई म्हणायची, या पोराला अक्कल आहे, पोच नाही.
मला वाटायचं, नोकरी लागली की येत असेल.
वीस वर्षं झाली,
दिवसाला तीस जणांना देतो.

रजिस्टर उघडलं. रकाने आखलेलेच होते :
कोणाकडून, विषय, पानांची संख्या.
पानांच्या रकान्यात लिहिलं, पोती चार.
गोणपाटावर शिक्का उमटत नाही.
तीनदा मारला.
चौथ्यांदा अर्धा उमटला, तारखेविना.

पुढं काय झालं विचाराल, तर फार नाही.
ट्रॅक्टर आता नाल्यापलीकडच्या खदानीकडे वळतो,
बुधवारी मात्र अजून बोडीकडेच, का ते कोणी सांगत नाही.
मंगल कार्यालयवाल्यानं मला चहाला बोलावून समजावलं.
‘पोती कोणत्या अधिकारात स्वीकारली?’
असं पत्र आलं. मी खुलासा दिला.
त्याची पोच अजून मिळालेली नाही.

रविवारी बाया गुडघाभर पाण्यात उतरतात.
मला पोहता येत नाही,
मी काठावर पोत्याचं तोंड धरून उभा राहतो.
परवा एकीनं ओरडून दाखवलं काहीतरी,
मासा असेल, किंवा पन्नीच हलली असेल उन्हात.
वाद झाला त्यावर बराच वेळ.

आणि सोमवारी, अकराच्या आत, अर्ज.
‘सविनय’ काही परत आलेलं नाही.
मी म्हणतो, बसा.
ती बसत नाही.
उभ्यानंच हात पुढं करते,
दुसऱ्या प्रतीसाठी.