उणे अठरा

मे महिना. तुर्भ्याच्या एमआयडीसीत
गेटचा पत्रा हात लावू देत नाही
आणि मी लॅबच्या दारात स्वेटरची बटणं लावतेय.
वॉचमन पाष्टे रोज तेच विचारतो,
"मॅडम, कुलू की मनाली?"
मी म्हणते, टाकी.

टाकीत स्पिरिट, उणे अठरा.
त्यात डांबराची पट्टी, वापरून अर्धी झालेल्या पेन्सिलीएवढी,
दोन आधारांवर आडवी.
मधोमध शंभर ग्रॅमचं वजन, चार मिनिटं.
तेवढ्यात ती किती वाकते
आणि वाकता वाकता किती ताण सोडून देते,
ते आकड्यात लिहायचं.
याचा मला पगार मिळतो.

नमुना लाहौलचा. डब्यावर मुकादम तोबदेनचं अक्षर:
"हेच टाकलं होतं. हेच परत आलंय."
फोनवर म्हणाला, जानेवारीत रात्री रस्ता आवाज करतो,
बंदुकीसारखा.
सकाळी बघावं तर आडवी चीर,
या कडेपासून त्या कडेपर्यंत, सुतळी धरून आखल्यासारखी.
पुढे आठ पावलांवर दुसरी.

मी बर्फ पाहिलाय तो दिवाळ्याच्या बंदरावर,
पापलेटांवर फोडून टाकलेला.
तरी मला कळलं तो काय सांगत होता.

थंडीत रस्त्यालाही अंग चोरायचं असतं.
पण खाली तो खडीला चिकटलेला,
मागेपुढे कोसभर स्वतःलाच.
आखडायला जागा नाही. ओढ साठत जाते.
ताजं डांबर आतल्या आत थोडं सरकून घेतं.
जुन्याला ते जमेनासं होतं.
म्हणून मी हे आधी वीस तास भट्टीत, दाबाखाली ठेवलं,
म्हातारं केलं,
मग थंडीत घातलं.

पहिली पट्टी वाकली, जेमतेम.
दुसरी तशीच.
तिसरी वजन पुरतं टेकायच्या आधीच
टक्.
इतका लहान आवाज
की एसीच्या घरघरीत तो फक्त बोटांना ऐकू आला.

०.२९१.
लागतो ०.३००.

उपासनी सर चष्मा न काढता म्हणाले,
"नऊ हजारांश, मढवी.
तीनशे लिही आणि मोकळी हो."

मी ओव्हनपासून आठ पावलं मोजायला निघाले.
सातव्याला भिंत लागली.
तिथेच उभी राहून रजिस्टर भरलं,
दोन नऊ एक,
खाली सही, पूर्ण नावाची.
सर काही बोलले नाहीत. पंखा वाढवला.

संध्याकाळी ठाणे-बेलापूर रस्ता.
थांब्यापुढचं डांबर अजून ऊन धरून,
त्यात सोड्याची बुचं रुतलेली,
एक घासून गुळगुळीत झालेलं नाणं
जे कुणाच्याच नखाला निघत नाही.
स्वेटर काखेत. फोन वाजला, तोबदेन.
उचलण्याआधी खाली पाहिलं:
चपलेच्या टाचेखाली खळगा पडला होता.
पाय काढला.
तो हळूहळू,
थोडासा,
भरून येत होता.