चाक उलयता

दुर्भाटच्या धक्क्याला फेरी लागते तेव्हा
भरतीचं पाणी उतारावर हातभर चढलेलं असतं.
गाडी उतरते, पुढची चाकं खारात बुडवत,
आणि मी दर वेळी मनाशी म्हणते,
घरी गेल्या गेल्या धुवायची.
दर वेळी धुणं होत नाही.

गाडी छोटी. पिस्त्याच्या रंगाची. विजेची.
घ्यायला गेलो तेव्हा लेकीनं रेंज विचारली,
जावयानं बॅटरीची गॅरंटी.
मी चाकं बघत राहिले.
पाच रुंद पाकळ्या, जवळजवळ मिटलेल्या,
वारा आत अडकू नये म्हणून.
सेल्समन म्हणाला, अलॉय आहे मॅडम, ह्या आकारानं
चार्जमागे आठ-दहा किलोमीटर वाचतात.
मला सोऱ्यातली चकती आठवत होती,
दिवाळीशिवाय न सापडणारी.

सहाव्या महिन्यात पाकळ्यांच्या कडेला
चकचकीत थराच्या खाली
पांढऱ्या रेषा उमटल्या, वाळवीच्या वाटांसारख्या.
भिरंडाची साल घेतली आणि
समई घासतात तसं घासलं.
समई उजळते.
चाक काळवंडलं.

कुठ्ठाळीचा कायतान मेस्त हसला नाही,
हा त्याचा मोठेपणा.
"बाय, हें पितळ न्हय."
मग बोटानं दाखवत गेला:
वरच्या लॅकरला एक चीर पुरते,
खार आत शिरतो, आतल्या आत चालत राहतो.
आंबट नको, ब्रश नको, तापलेल्या चाकावर पाणी नको.
घासून नवं करता येतं, पण एकदा, फार तर दोनदा.
दर वेळी केसाएवढा धातू जातो,
मग चाक उरत नाही, चाकाचा फोटो उरतो.
"आणि ब्रेक मारत जा मधूनमधून.
पाय उचलला की ही आपणच मंदावते,
वीज परत घेते. कामच नाही म्हणून
डिस्क बसून बसून गंजते."
हे म्हणताना त्याची नजर
बाजूच्या सीटकडे गेली आणि परत आली.

बाजूच्या सीटवर आमचे हे.
एकतीस वर्षं बार्जच्या इंजिनाशेजारी उभे,
कुडचड्याहून मुरगाव, मुरगावहून कुडचडे.
खाणी थांबल्या, इंजिन थांबलं,
कानातलं मात्र चालूच राहिलं.
ह्या गाडीत बसले की विचारतात,
"सुरू केलीस?"
मी म्हणते, "फोंडा आला."

आजही मी कायतानला सांगत होते,
साठच्या पुढे गेलं की काहीतरी घुमतं,
कुठून ते कळत नाही.
तो म्हणाला, "इंजिनाचो आवाज ना,
म्हण चाक उलयता."
एवढ्यात ह्यांनी डॅशबोर्डवरचा तळवा न काढता
मान बाहेर काढली:
"पुढचं डावं. आतल्या बाजूनं."

मशीननं दोन मिनिटं घेतली.
पुढचं डावं. आतली कड. पस्तीस ग्रॅम.
कायताननं मशीनकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे,
आणि नवं वजन चिकटवायला त्यांच्याच हातात दिलं.
काढलेलं जुनं ह्यांनी रुमालात बांधून
खिशात ठेवलं. मी विचारलं, कशाला?
ऐकू आलं नसावं.

परतीची फेरी. रासईहून शेवटून दुसरी.
मी गाडी बंद करून, चावी पर्समध्ये टाकून
काच खाली घेतली. चिखलाचा, तिसऱ्यांचा वास.
ह्यांचा तळवा अजून डॅशबोर्डवर.
नदीच्या मध्यावर आले तसे
तोंडभर हसले.
"आत्ता कळतंय," म्हणाले, "मस्त चाललीय."

खाली फेरीचं म्हातारं इंजिन
पत्रा थरथरवत होतं.
मी म्हटलं, "हो. चाललीय."

धक्क्यावर पाणी हातभर.